आपत्कालीन योजना कोणाला उद्देशून लिहिली जाते? बोगद्यांतील आगींच्या निमित्ताने एक चिकित्सा



आजचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं बोगद्यात काय काम? प्रश्न रास्त आहे. वायुवीजनाचे पंखे किती ताकदीचे असावेत, काँक्रीटचा थर किती जाड असावा, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ते अभियंते सांगतील, आणि चांगलं सांगतात. पण आपत्कालीन योजना हा शेवटी एक मजकूर असतो. तो वाक्यांचा बनलेला असतो. ती वाक्ये कोणी कोणाला सांगितली, त्यांतल्या संज्ञांच्या व्याख्या कोणत्या, त्या व्याख्यांतून काय निसटले, हे तपासणे आमच्या शास्त्राच्या कक्षेत येते. आज आपण तेवढंच करू. ग्रंथाचं परीक्षण करावं तसं या योजनांचं परीक्षण करू.

सुरुवात एका जुन्या उदाहरणापासून. न्यायशास्त्र शिकलेला प्रत्येक विद्यार्थी पर्वत, धूर आणि अग्नी या तिघांना ओळखतो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जसा स्वयंपाकघरात असतो तसा. अनुमानाचा हा धडा आपण पिढ्यान्‌पिढ्या घोकला. त्यात एक गोष्ट गृहीत आहे, बरं का: अनुमान करणारा माणूस पर्वताच्या बाहेर, लांब, मोकळ्या हवेत उभा आहे. त्याला धूर दिसतो, तो विचार करतो, निष्कर्ष काढतो. त्याच्याजवळ वेळ आहे. आता त्या माणसाला पर्वताच्या पोटात नेऊन ठेवा. तिथे धूर हा अग्नीचा पुरावा राहत नाही, धूर हेच संकट होतं. बोगद्यातल्या आगींत बहुतेक माणसं ज्वाळांनी मरत नाहीत. धुराने, कार्बन मोनॉक्साइडने, दिसेनासं झाल्यामुळे मरतात. आणि योजना लिहिणारा मात्र अजूनही पर्वताच्या बाहेरच उभा असतो. आजच्या आमच्या टीकेचं सूत्र हेच आहे.

आता प्रत्यक्ष घटनेकडे येऊ.

24 मार्च 1999. फ्रान्समधलं शामोनी आणि इटलीतलं कुर्मायर यांना जोडणारा माँ ब्लाँ बोगदा. लांबी 11.6 किलोमीटर, 1965 साली खुला झालेला, एकच नळी आणि तिच्यात दोन्ही दिशांची वाहतूक. सकाळी अकराच्या सुमारास फ्रान्सच्या बाजूने एक मालट्रक आत शिरला. समोरून येणारे चालक दिवे चमकवून त्याला इशारा करत होते. ट्रकच्या खालून धूर निघत होता. साधारण मध्यावर चालक थांबला, उतरला, अग्निशामक नळकांडं काढायला गेला, तोवर ज्वाळांनी त्याला मागे रेटलं. तो इटलीच्या दिशेने पळाला आणि वाचला. त्याच्या मागे आलेली वाहने अडकली. आग सुमारे 53 तास जळत राहिली. 39 माणसं गेली. बहुतेकांचे मृतदेह त्यांच्या वाहनांत किंवा वाहनांच्या आसपास सापडले.

ट्रकमध्ये होतं काय? पीठ आणि मार्गारिन. मार्गारिन म्हणजे लोण्याच्या जागी वापरतात तो स्निग्ध पदार्थ. स्फोटके नव्हती, रसायने नव्हती, पेट्रोलचा टँकर नव्हता. इथे आमचा पहिला आक्षेप येतो, तो व्याख्येचा. सगळ्या नियमावल्यांत 'धोकादायक माल' अशी एक संज्ञा असते. तिच्या यादीत जे बसते त्याला वेगळे नियम, वेगळी वेळ, कधी पूर्ण बंदी. जे बसत नाही ते आपोआप 'साधा माल' होते. आता आपल्या स्वयंपाकघरात विचारा: कढईतलं तूप जास्त तापलं तर काय होतं, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. पण यादी करणाऱ्याने पदार्थ सुटा पाहिला. तो बंद नळीत, हजारो किलोंनी, गरम इंजिनाच्या मागे कसा वागेल हे पाहिलं नाही. धोका हा पदार्थाचा गुण मानला गेला. खरं तर तो पदार्थ आणि स्थळ यांच्या संबंधात असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर व्याप्ती मांडताना उपाधी विसरली गेली.

हे नुसतं शब्दांचं खेळणं नाही, याला पुढे मोजमापाचा आधार मिळाला. 2003 साली नॉर्वेतल्या रुनेहामार नावाच्या, वापरात नसलेल्या रस्त्याच्या बोगद्यात ट्रकच्या आकाराचे ढीग रचून पेटवून पाहिले. ढिगांत लाकडी फळ्यांचे पाट, गाद्या, फर्निचर, प्लास्टिकचे पेले, असला माल. म्हणजे कुठल्याही महामार्गावर कुठल्याही ट्रकमध्ये असतो तो. पूर्वी मालट्रकच्या आगीसाठी 20 ते 30 मेगावॅट इतकी उष्णता गृहीत धरायची पद्धत होती. या चाचण्यांत ती 66 पासून 202 मेगावॅटपर्यंत गेली. तुलनेसाठी सांगतो, एखादी मोटारगाडी पेटली तर साधारण पाच मेगावॅट. म्हणजे पंखे, भिंती, आसऱ्याच्या खोल्या यांचं सगळं गणित ज्या आकड्यावर उभं होतं तो आकडाच अपुरा होता.

दुसरा आक्षेप सीमेचा. पर्वत एक, बोगदा एक, हवा एक. पण बोगदा चालवणाऱ्या कंपन्या दोन आणि नियंत्रण कक्षही दोन. आगीच्या वेळी इटलीच्या बाजूने ताजी हवा आत सोडली गेली. हेतू वाईट नव्हता, आतल्यांना श्वास मिळावा हाच होता. पण त्या हवेने धूर फ्रान्सच्या बाजूला ढकलला, आणि ट्रकच्या मागे अडकलेली माणसं नेमकी त्याच बाजूला होती. प्रत्येक कक्षाने आपापल्या अर्ध्या भागाचा विचार केला. धुराला अर्धा भाग कळत नाही. दोन माणसांनी मिळून एक काम करायचं ठरवलं आणि दोघांनी आपापल्या कागदावर ते लिहून ठेवलं, तर ती एक योजना होत नाही. त्या दोन योजनाच राहतात.

तिसरा आक्षेप आसऱ्याच्या खोल्यांचा, आणि आमच्या मते तो सगळ्यात बोचरा आहे. बोगद्यात ठराविक अंतरावर आसऱ्याच्या खोल्या होत्या. त्या दोन-चार तास आग सोसतील अशा बेताने बांधल्या होत्या. आग 53 तास चालली. त्या खोल्यांना मागे दार नव्हतं. म्हणजे आत जा आणि कोणी येईपर्यंत थांबा. मोटारसायकलवरून धुरात शिरून लोकांना मदत करायला गेलेला एक इटालियन सुरक्षा कर्मचारी अशाच एका खोलीत मरण पावला. फ्रान्सच्या बाजूने आत गेलेले अग्निशामक जवानही अडकले होते. त्यांना काही तासांनी बाहेर काढलं ते कुठून? रस्त्याखालून जाणाऱ्या हवेच्या नलिकेतून. त्यांचा प्रमुख मात्र नंतर वाचला नाही. मंडळी, याचा अर्थ लक्षात घ्या. बाहेर जायला वाट होती. ती हवेसाठी ठेवलेली होती, माणसांसाठी धरलेली नव्हती. 2002 साली बोगदा पुन्हा सुरू झाला तेव्हा आसऱ्याच्या खोल्या दर 300 मीटरला केल्या, त्या रस्त्याखालच्या सुटकेच्या मार्गाला जोडल्या, नियंत्रण एका हाती दिलं. उत्तम झालं. पण कल्पना नवी नव्हती. सुमारे पन्नास किलोमीटर लांब असलेल्या इंग्लिश खाडीखालच्या रेल्वे बोगद्यात दोन मुख्य नळ्यांच्या मधोमध तिसरी सेवा-नळी आधीपासून होती. 18 नोव्हेंबर 1996 ला तिथे ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीला आग लागली, तेव्हा गाडीतले सर्व 34 जण त्या नळीत पोहोचून वाचले. विशेष म्हणजे तिथेही मूळ योजना चाललीच नाही. योजना अशी होती की गाडी थांबवायची नाही, बोगद्याबाहेर काढायची. प्रत्यक्षात धोक्याचा दिवा लागल्यामुळे गाडी आतच थांबवावी लागली. योजना फसली, तरी माणसं वाचली, कारण दार होतं. 2001 साली स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड रस्ता-बोगद्यात दोन ट्रक आदळून आग लागली, 11 जण गेले. तिथे शेजारून जाणारा सुटकेचा बोगदा होता, त्यातून अनेक जण चालत बाहेर पडले. म्हणून आम्ही म्हणतो, कागद फसतो हे धरूनच बांधकाम करायला हवं.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू: योजनेचं वाक्य.

आपल्याकडे काय किंवा युरोपात काय, अशा मजकुरातलं नमुन्याचं वाक्य साधारण असं असतं: 'आग आढळल्यास प्रवाशांना सुरक्षित स्थळी हलवण्यात येईल.' हे वाक्य मीमांसकांपुढे ठेवा. मीमांसक हे विधिवाक्याचे सगळ्यात कठोर परीक्षक. कर्म सांगणाऱ्या वाक्याला ते तीन प्रश्न विचारतात: काय साधायचं? कशाने साधायचं? कसं, कोणत्या क्रमाने साधायचं? आणि चौथा प्रश्न अधिकाऱ्याचा: हे करायचं कोणी? अमुक फळ हवं असणाऱ्याने अमुक कर्म करावं, असं म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही.

आता आपलं वाक्य तपासा. काय साधायचं ते सांगितलंय: सुरक्षित स्थळ. कशाने? माहीत नाही. कसं? माहीत नाही. कोणी? 'हलवण्यात येईल.' मराठी सरकारी गद्यातला हा 'ण्यात येईल' कर्त्याला वाक्यातून अलगद बाहेर काढतो. आणि प्रवासी? तो त्या वाक्यात कर्म आहे, पोत्यासारखा. त्याला उचलून नेलं जाणार आहे. मीमांसकाच्या लेखी हा विधीच नव्हे. ते भविष्यकाळी आश्वासन आहे.

यात भाषेची चूक असती तर शुद्धलेखन तपासणाऱ्याकडे दिलं असतं. चूक वस्तुस्थितीची आहे. बोगद्यातल्या आगीत पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बहुधा कोणीही बाहेरून पोहोचत नाही. त्या वेळात जो काही निर्णय होतो तो आतला माणूस घेतो: ड्रायव्हर, क्लीनर, मागच्या सीटवरची आजी, शेजारच्या गाडीतला विद्यार्थी. म्हणजे योजनेचा खरा अधिकारी प्रवासी आहे, आणि योजना त्याला उद्देशून लिहिलेलीच नाही. ती लिहिली आहे वरिष्ठांना दाखवण्यासाठी, तपासणी अधिकाऱ्यासाठी, निविदेच्या फायलीसाठी.

याला प्रतिवाद ठरलेला आहे: 'लोकांना सांगितलं तर ते घाबरतील, गोंधळ होईल, चेंगराचेंगरी होईल.' हा प्रतिवाद आपण घटनांवर घासून पाहू. माँ ब्लाँमध्ये गाडी सोडून पळणाऱ्यांची झुंबड उडाली नव्हती. बरेच जण गाडीत काचा लावून बसून राहिले. दक्षिण कोरियात दैगू शहराच्या भुयारी रेल्वेत 18 फेब्रुवारी 2003 ला एका माणसाने डब्यात आग लावली. समोरून आलेली दुसरी गाडी त्याच स्थानकात शेजारी येऊन थांबली, आणि तिच्यातल्या प्रवाशांना जागेवर थांबायला सांगितलं गेलं. धुरकट डब्यात तोंडावर रुमाल धरून शांतपणे बसलेल्या माणसांचं छायाचित्र जगभर छापून आलं होतं. त्या दिवशी 192 माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक त्या दुसऱ्या गाडीतली, जिचे दरवाजे बंद राहिले. या दोन्ही ठिकाणी माणसांना घाबरटपणाने मारलं असं म्हणता येत नाही. त्यांना आज्ञाधारकपणाने मारलं, आपल्या गाडीच्या ओढीने मारलं, शेजारचा उठत नाही म्हणून आपण उठू नये या संकोचाने मारलं. 'लोक घाबरतील' हे वाक्य लोकांबद्दल काही सांगत नाही. बोलणारा लोकांना काय समजतो, एवढंच त्यातून कळतं.

उलट बाजूचा दाखला ऑस्ट्रियातल्या काप्रूनचा. 11 नोव्हेंबर 2000. डोंगराच्या पोटातून चढणाऱ्या दोरखंडाच्या रेल्वेत, बर्फावर घसरायला निघालेल्या माणसांनी भरलेली गाडी. मागच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या रिकाम्या चालक-कक्षातल्या घरगुती बनावटीच्या हीटरपासून आग लागली. गाडीत इंजिन नाही, इंधन नाही, मग आग कशाला लागेल, असा समज; त्यामुळे प्रवाशांसाठी काच फोडायची हातोडीही नाही. 155 माणसं गेली. चढणाऱ्या गाडीतले फक्त 12 वाचले. कसे? त्यांनी बर्फावरच्या काठ्यांनी काच फोडली, आणि त्यांच्यात अग्निशमनाचा स्वयंसेवक असलेला एक माणूस होता, त्याने सांगितलं: वर नको, खाली चला, आगीच्या बाजूने. तिरका बोगदा म्हणजे धुराडं. धूर वर जाणार. जे वर पळाले त्यांना धुराने गाठलं. आगीपासून दूर पळण्याची उपजत बुद्धी इथे घातक होती आणि एक वाक्याचं ज्ञान तारक होतं. ते वाक्य गाडीतल्या प्रत्येकाला आधी माहीत असतं तर? हा प्रश्न आम्ही न्यायालयाला विचारत नाही. 2004 साली तिथल्या न्यायालयाने सर्व 16 आरोपींना निर्दोष सोडलं. कायद्याच्या कसोट्या वेगळ्या असतात. पण गुन्हा सिद्ध न होणं आणि जबाबदारी नसणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. हीटरची गळती, न उघडणारी दारं, नसलेली हातोडी, न सांगितलेलं वाक्य, यांतली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते. दोष वाटून वाटून इतका पातळ होतो की कोणाच्याच पानात दिसत नाही.

शब्दांचा आणखी एक दोष सांगून हा भाग संपवतो. लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात 18 नोव्हेंबर 1987 ला लाकडी सरकत्या जिन्याखाली पडलेल्या पेटत्या काडीने आग लागली, 31 जण गेले. नंतरच्या चौकशीत एक बाब पुढे आली: तिथल्या संस्थेत अशा लहानसहान आगींना 'आग' म्हणायची पद्धतच नव्हती. 'धुमसणं' म्हणायचे. धुमसण्याला बंब बोलवायची गरज वाटत नाही. शब्द सौम्य केला की कर्तव्यही सौम्य होतं. आपल्याकडे 'किरकोळ आग', 'शॉर्ट सर्किटचा प्रकार' हे शब्द वर्तमानपत्रात वाचताना हे ध्यानात ठेवावं.

आता न्याय्य वागायचं तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बोगदे एरवी उघड्या घाटरस्त्यापेक्षा सुरक्षितच असतात. वळणं नाहीत, दरड नाही, धुकं नाही. मोठी आग विरळ. प्रत्येक बोगद्याला शेजारी दुसरा बोगदा खणायचा तर खर्च प्रचंड. हे सगळं खरं आहे. युरोपने 2004 साली 500 मीटरांहून लांब महत्त्वाच्या रस्ता-बोगद्यांसाठी जो निर्देश काढला, त्यातही हा तोल आहे. लांबी, वाहतूक, एकेरी-दुहेरी यांवर उपाय ठरतात. पण त्याच निर्देशात किमान चार वर्षांतून एकदा पूर्ण प्रमाणात सराव करा असंही आहे. सरावाला डोंगर फोडावा लागत नाही. प्रवाशाला चार वाक्यं सांगायला तर काहीच लागत नाही. महाग गोष्टीचं कारण देऊन स्वस्त गोष्ट टाळायची, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.

हे आपल्यासाठी दूरचं नाही. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि त्या मार्गावर 1999 पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेतात. रोहतांगखालचा अटल बोगदा नऊ किलोमीटरचा; त्याच्या रस्त्याखाली सुटकेचा मार्ग आहे, ही चांगली गोष्ट. मुंबईत मलबार हिलखालून किनारी रस्ता जातो, आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो धावते, इगतपुरी-कसाऱ्यात समृद्धीचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा 2025 मध्ये खुला झाला. यांत उपकरणं आधुनिक आहेत. आमचा प्रश्न उपकरणांचा नाही. आपण इथे बसलेले आणि हे ऐकणारे, यांतल्या किती जणांना या बोगद्यांतून जाताना काय करायचं हे कोणी सांगितलं आहे? विमानात पट्टा कसा बांधायचा हे प्रत्येक वेळी सांगतात, हजारदा ऐकलेल्यालाही. टोलनाक्यावर पावती देताना एक चिठ्ठी का देत नाहीत?

त्या चिठ्ठीत काय असावं ते विध्यर्थात सांगतो. पेटलेलं वाहन समोर असेल तर अंतर ठेवून कडेला थांबावे. गाडी वळवू नये, उलटी नेऊ नये. इंजिन बंद करावे, किल्ली गाडीतच ठेवावी. सामान घेऊ नये. लगेच उतरून हिरव्या खुणेच्या दाराकडे जावे. धूर असेल तर वाकून, भिंतीला धरून जावे. शेजारच्या गाडीची काच वाजवून त्यांनाही उठवावे. एवढंच. प्रत्येक वाक्याला कर्ता आहे, आणि तो तुम्ही आहात.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन पुढे दिले आहेत.)

श्रोता: सर, किल्ली गाडीत ठेवायची म्हणता, गाडी चोरीला गेली तर?

उत्तर: (हसून) जळत्या बोगद्यातून गाडी पळवणारा चोर असेल तर त्याचा सत्कारच करू. कारण असं आहे की बचाव करणाऱ्यांना वाट मोकळी करण्यासाठी गाडी हलवावी लागते. दैगूमध्ये दुसऱ्या गाडीचा चालक किल्ली सोबत घेऊन गेला आणि दारं बंद झाली. किल्ली कुठे राहते यावर जीव अवलंबून असतो.

श्रोता: सगळी जबाबदारी प्रवाशावर टाकली तर यंत्रणा हात झटकणार नाही का? 'आम्ही चिठ्ठी दिली होती' म्हणून मोकळी होईल.

उत्तर: फार महत्त्वाचं विचारलंत, बाई. ही भीती खरी आहे. म्हणून चिठ्ठीच्या पाठच्या बाजूला दुसरी यादी हवी, आणि तिचा कर्ता यंत्रणा हवी: दार कुठे आहे, ते कोणी कधी उघडून पाहिलं, शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला, नियंत्रण कक्षात निर्णय घेणाऱ्याचं पद कोणतं. 'ण्यात येईल' चालणार नाही. प्रवाशाला 'धावा' म्हणायचा अधिकार त्यालाच, ज्याने दार बांधून, उघडून पाहिलं आहे. दार नसताना दिलेली चिठ्ठी म्हणजे फसवणूक. आणि दार असून न दिलेली चिठ्ठी म्हणजे काय, ते आपण माँ ब्लाँच्या हवेच्या नलिकेत पाहिलं.